हत्ती चौकटीबाहेर गेला तेव्हा

एकदा एका व्यापाऱ्याने धर्मशाळा बांधली आणि तिच्या भिंतीसाठी एका वृद्ध चित्रकाराकडे चित्र मागितले. वृद्धाने ते काम शिष्याला दिले. शिष्याचे हे पहिलेच स्वतंत्र काम. पसंत पडले तर धर्मशाळेची पुढची चित्रेही त्याचीच. नाही तर पुन्हा गुरूंचे रंग घोटत बसायचे.

त्याने कागदावर नदीचा घाट रंगवला. नाव सुटली आहे, नावेत मुलगा आहे, पायरीवर त्याची आई उभी आहे. उजव्या कडेला झूल पांघरलेला हत्ती. त्या हत्तीत शिष्याने जीव ओतला होता. येणारा प्रत्येक जण "काय हत्ती आहे!" म्हणे आणि निघून जाई. शिष्य मनातून फुलून येई.

व्यापारी यायच्या दिवशी सकाळी गुरू आले आणि चित्राकडे चक्क पाठ करून उभे राहिले. हातात दाढीचा आरसा.

"गुरुजी, बघवतही नाही का?"

"तूही पाठ फिरव. आरशात बघ. काय दिसतं?"

"हत्ती."

"मग?"

"मग... परत हत्तीच."

"आणि आई?"

ती त्याला शोधावी लागली.

गुरूंनी पुठ्ठ्याचे दोन काटकोन चित्रावर ठेवून चौकट केली आणि ती हळूहळू आत सरकवली. हत्ती बाहेर गेला. घाट एकदम ओस वाटू लागला आणि पायरीवरची आई एकटी दिसू लागली.

"पण तोच तर सगळ्यात चांगला उतरलाय!" शिष्य कळवळला.

"उतरलाय, कोण नाही म्हणतं? पण आपल्या कष्टांना आपला डोळा सरावतो. आरशात चित्र उलटं होतं, परक्याचं वाटतं. आणि परक्याच्या चित्रातली चूक आपल्याला लगेच दिसते. पुठ्ठा तर बिचारा एवढंच विचारतो, की हे नसलं तर काय अडेल? हत्ती जपून ठेव. त्याचं वेगळं चित्र होईल."

शिष्याने चौकट एकदा बाहेर सरकवून पाहिली, पुन्हा आत आणली. मग त्याने स्वतःच कात्री घेतली.

दुपारी व्यापारी आला. चित्रासमोर उभा राहिला. मग त्याने हलक्या आवाजात विचारले, "हा नावेतला मुलगा परत येतो का हो?"

शिष्याने गुरूंकडे पाहिले. ते आरसा पुसत होते. हत्तीचा विषय त्या दिवशी कोणीच काढला नाही, शिष्यानेही नाही.