हद्दीवरचा ओढा

जनावरांनी कारभार दप्तरात बांधायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाची ही गोष्ट. सिंहाने राज्याचं निसर्ग-धोरण जाहीर केलं. प्रत्येक विभागाने आपल्या पाणलोटाचा आराखडा करायचा आणि तो या धोरणात नीट बसवायचा.

ओढ्यातल्या खेकड्याला हायसं वाटलं. वरच्या उतारांवर रानडुकरं मुळं उकरत होती आणि सुटलेली माती त्याच्या डोहात येऊन साचत होती. तो तिरका तिरका चालत कोल्ह्याच्या कचेरीत पोचला.

"कोल्होबा, आमचा ओढा कुणाच्या आराखड्यात येतो?"

कोल्ह्याने नकाशा उलगडला. "डावा काठ अस्वलाच्या विभागात, उजवा सांबराच्या. ओढा म्हणजे हद्द. हद्दीचा आराखडा नसतो, बाबा."

"अहो, पण दोन्ही काठांचं पाणी ओढ्यातच उतरतं ना!"

"धोरणात तसं कुठे लिहिलेलं नाही."

दोन्ही आराखडे धोरणात चपखल बसले. दोन्ही काठांवर फलक लागले, अस्वलाचा आणि सांबराचा सत्कार झाला. डुकरं उकरतच राहिली. तिसऱ्या उन्हाळ्यात डोह बुजला, ओढा आटला आणि खेकडा गाळात डोळ्यांपर्यंत रुतला.

एके सकाळी अस्वल, सांबर आणि कोल्हा धापा टाकत आले. आली बुवा जाग एकदाची, खेकड्याला वाटलं.

"अरे, आपली हद्द कुठे गेली?" अस्वल ओरडलं.

कोल्ह्याने लगेच गाळावर फक्कीची सरळ रेघ मारली. ती नेमकी खेकड्याच्या पाठीवरून गेली.

"हलू नकोस हं," कोल्हा म्हणाला, "हद्द मोडेल."