सभापतींच्या कोटावरचा डाग

चोपड्यात अनंता खैरनारचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. अनंता एकटा जीव, स्वतःच्या हातचं रांधून कसेबसे दिवस काढायचा. एके सकाळी बाजार समितीचे सभापती भास्करराव कोट नाचवत दुकानात शिरले.

"काल तुझ्याकडून धुऊन नेला आणि छातीवर हा तेलकट लाल डाग. तुझ्याच दुकानात पडलाय. नवा कोट दे, नाहीतर दुकानाला टाळं ठोकतो."

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. अनंताने कोट नाकाशी नेऊन हुंगला.

"साहेब, हा मटणाचा रस्सा आहे, आणि तोही फर्मास. माझ्या हाताला एवढी चव असती, तर मी या हँगरसारखा दिसलो असतो का?"

सगळे हसले. सभापतींनी अनंताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"डाग काढून ठेव," एवढंच म्हणून ते पायऱ्या उतरले.