टिटवीची चाकरी

फार दाट नाही आणि फार विरळही नाही, अशा एका जंगलात एक टिटवी राहत असे. तिचा आवाज पडला कर्कश. ती ओरडली की हमखास काहीतरी वाईट घडते, अशी जंगलात समजूत होती. त्यामुळे मोरांनी तिला हाकलले, सशांनी हाकलले आणि रानडुकरांनी तर तिचे घरटे पाहून मुद्दाम तिथूनच वाट काढली. खरे म्हणजे वाईट येताना तिला आधी दिसायचे, म्हणून ती ओरडायची. पण हे ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती.

सवड काढली ती चितळांच्या कळपातल्या एका म्हाताऱ्या हरिणीने. तिने चार दिवस टिटवीचे ओरडणे लक्ष देऊन ऐकले आणि पाचव्या दिवशी तिला बोलावून चाकरीवर ठेवले. काम साधे होते. कळपाने तळ्याकाठच्या कुरणात चरायचे आणि टिटवीने गवतामागच्या उंचवट्यावर उभे राहून चौफेर नजर ठेवायची. तिने हाक दिली की कळपाने उधळायचे. ती गप्प असली की माना खाली घालून बिनघोर चरायचे. मोबदला म्हणून चितळांच्या खुरांनी उकरलेल्या मातीतले सगळे किडे तिचे. तिथे दुसऱ्या पाखराने चोच घालायची नाही, असा हरिणीचा हुकूम होता. तीन वर्षे हे सुरळीत चालले आणि या तीन वर्षांत कळपातले एकही पाडस बिबट्याच्या तोंडी गेले नाही. हळूहळू चितळांची टिटवीकडे पाहण्याची सवयच मोडली. पाहण्याचे काम एकदा तिच्याकडे सोपवल्यावर त्यांचे कान तेवढे उघडे असत.

चौथ्या वर्षी पावसाने दगा दिला. तळे आटले, कुरणातली जमीन दगडासारखी झाली. चितळांचे खूर ते केवढे; माती उकरेना आणि किडे निघेनात. त्यातच टिटवीला चार पिल्ले झालेली. ती दिवसभर जमिनीवर चोची मारत फिरत आणि रिकाम्या पोटीच आईच्या पंखाखाली शिरत. हरिणीला हे दिसत होते. ती कळपाला रोज जागा बदलून चरायला सांगे, स्वतः खूर आपटून माती मोकळी करू पाही; पण म्हातारपणी आपटून आपटून ती किती आपटणार?

अशात एक कावळा निरोप घेऊन आला. टेकाडापलीकडच्या दलदलीत गव्यांचा कळप होता आणि त्यांना राखणीला कोणीतरी हवे होते. गव्याचे एक पाऊल पडले की ढेकळेच्या ढेकळे उलटतात आणि गांडुळांचा गुंताच वर येतो, असे कावळ्याने सांगितले, आणि निदान या वेळी तरी तो खरे बोलत होता. इकडच्या दहापट खाणे तिकडे होते. फक्त उद्याच्या उद्या कामावर यायला हवे, नाहीतर त्या जागेवर एक बगळा टपून बसला होता.

टिटवीचा दिवस तगमगीत गेला. माणसे खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे. ही खाल्ल्या किड्यांना जागू पाहत होती. सगळ्यांनी झिडकारले तेव्हा या हरिणीने जवळ केले, हे ती विसरली नव्हती. पण सांजावल्यावर पिल्ले कुशीत आली आणि त्यांची हाडे तिला टोचू लागली, तसे तिचे मन टेकाडाकडे धावले. मुलांनो, यात टिटवीचे काही चुकले असे मला वाटत नाही. लेकरे उपाशी असताना जिथे जास्त मिळेल तिथे जावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. तिने ठरवले, जायचे. आता हे हरिणीला सांगायचे कसे, तिथे मात्र तिची चोच उघडेना.

कावळा म्हणाला, "सांगायला जाशील तर म्हातारी डोळ्यांत पाणी आणेल आणि तुझा पाय निघायचा नाही. भीड ही भिकेची बहीण असते, बाई. मुकाट्याने चालू लाग. तू नाहीस हे कळेल त्यांचं त्यांना."

टिटवीला हे पटले, कारण तिला ते पटवूनच घ्यायचे होते. उजाडता उजाडता तिने पिल्लांना पुढे घातले आणि टेकाड ओलांडले.

गव्यांनी शब्द पाळला. पिल्लांनी इतके खाल्ले की त्यांना चालवेना. टिटवी नव्या जागी पहाऱ्याला उभी राहिली. समोर सगळे गवे माना खाली घालून स्वस्थ चरत होते. त्यांच्याकडे पाहता पाहता ती एकाएकी चरकली. आपण गप्प आहोत म्हणून हे निर्धास्त आहेत, हे तिच्या ध्यानात आले, आणि पाठोपाठ हेही की तिकडेही आपण सकाळपासून गप्पच आहोत.

गव्यांच्या म्होरक्याला तिने घाईघाईने सांगितले, मी येईपर्यंत तुमच्या तुम्ही नजर ठेवा, आणि ती ओरडत ओरडत टेकाडावरून उडाली. पण कुरणात कळप उरला नव्हता. गवत एका बाजूला झोपले होते आणि बिबट्याच्या पावलांशेजारून एका लहानशा अंगाची फरपट झुडपांत गेली होती. ते पाडस हरिणीच्या लेकीचे होते. म्हातारी हरिणी त्या जागी एकटी उभी होती. ती ओरडली नाही, टिटवीला शिंग मारायला शिंगेही तिला नव्हती.

टिटवी कशीबशी म्हणाली, "आजी, पिल्लं उपाशी होती माझी."

"ठाऊक आहे मला," हरिणी म्हणाली. "तू कधी निघतेस याची मी वाटच बघत होते. अडवलं नसतं तुला. फक्त जाते म्हणाली असतीस, तर आज आम्ही माना वर ठेवून चरलो असतो."

टिटवी गव्यांकडे परतली, पिल्ले धष्टपुष्ट झाली, गव्यांची राखणही तिने चोख केली. त्या चाकरीत तिला काही म्हणता काही कमी पडले नाही. पण त्या दिवसानंतर कुठलीही जागा तिने मुकाट्याने सोडली नाही, आणि तेच वळण तिने पिल्लांना लावले. कधी माळावर गेलात तर बघा. टिटवी जमिनीवरून उठते ती मोठ्याने ओरडतच उठते. जवळपास तिच्या भरवशावर कोणी असो वा नसो, ती जाते म्हणून सांगते आणि मगच जाते.

तात्पर्य : पोटासाठी चाकरी बदलण्यात कमीपणा नाही, पण जे आपल्या भरवशावर मान खाली घालून बसले आहेत, त्यांना मान वर करायला सांगावे आणि मगच जागा सोडावी.