बारकी काठी आणि वाकडं कोपर

काठीने सरळ मागे जायचं, क्षणभर थांबायचं आणि मगच चेंडूला भिडायचं; का, ते विचारायचं नाही. काठ्या आपसांत बोलत त्या काळी टेबलावर काठीने चेंडू ढकलायच्या 'पूल' या खेळाच्या एका क्लबातल्या फळीवर हाच नियम होता.

तिथली सगळ्यांत धाकटी काठी बारकी. ती निलोफर नावाच्या मुलीच्या हातात जाई. लहानपणी मोडलेलं निलोफरचं कोपर वाकडंच जुळलं होतं. त्यामुळे बारकी मागे जाताना बाहेर झुकायची, न थांबता पुढे यायची, पण चेंडूला लागताना अगदी सरळ असायची. चेंडू मुकाट टेबलाच्या कोपऱ्यातल्या खिशात पडायचा.

"खेळतेस की ताक घुसळतेस गं?" फळीवरची सगळ्यांत जुनी काठी, शिसवी आजी कडाडली.

"उद्या संघाची निवड आहे," शेजारची काठी, सागवानी आत्या म्हणाली. "शेवटच्या फटक्याला जरा सटक. संघाबाहेर बसली, की येईल पोरगी वळणावर."

बारकी उसळली. "आजी, तुझा खेळाडू इतका थांबायचा, की बघणारे जांभया द्यायचे, असं तूच सांगतेस. आत्या, तुझा तर थांबतच नव्हता. दोघंही जिंकले. मग हा नियम पाळला कोणी?"

"मोठ्यांना उलट बोलतेस?" आजीने दटावलं.

"बोलते. चेंडूला फक्त माझं टोक लागतं, तिचं कोपर नाही. ती तिच्या हाताने खेळेल आणि मी सटकणार नाही."

आजीने आत्याकडे पाहिलं, आत्याने आजीकडे. मग आजी म्हणाली, "बरं, उद्या चेंडूला सरळ लाग म्हणजे झालं."