गोलामागचा केरबा

फार वर्षं झाली त्याला. किती, ते आडगोळमध्ये कुणी नेमकं सांगत नाही. कुणी शंभर म्हणतं, कुणी त्याहून जास्त. तेव्हा नदीवर पूल नव्हता, माळावर शाळा नव्हती, आणि आडगोळ आणि शिरगोंड ही दोन गावं एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हती, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन गावांच्या मधून नदी वाहते आणि नदीच्या वळणावर एक कुरण आहे. उन्हाळ्यात सगळा मुलूख करपून जायचा, पण त्या कुरणात गवत हिरवं राहायचं. ते कुणाचं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. म्हणून दर पाडव्यानंतर दोन्ही गावची माणसं कुऱ्हाडी घेऊन तिथं उभी राहायची, आणि ज्यांची डोकी कमी फुटायची त्यांची गुरं चरायची. एका वर्षी दोन्हीकडची मिळून पाच माणसं गेली. त्या वर्षी कुणाचीच गुरं कुरणात उतरली नाहीत. गवत उभ्या उभ्या वाळलं.

त्याच सुमाराला केरबा लामावरून परत आला. लाम म्हणजे समुद्रापलीकडची मोठी लढाई. आडगोळमधून दोघं गेले होते, केरबा आणि त्याचा जोडीदार इठू, आणि दोघंही जिवंत आले. इठूनं येताना लोकरीचं कांबळं आणलं. केरबानं आणला चामड्याचा एक चेंडू. जहाजावर तो चेंडू उशाला घेऊन झोपायचा, असं म्हणतात.

पण लामावरून आलेल्या केरबाला एक खोड लागली होती. त्याला बसवत नसे. तिथं कुठंसं एका खंदकात तो एका माणसाशी बोलत बसला होता, आणि बोलता बोलता तो माणूस बसल्या जागी गेला, उठलाच नाही. तेव्हापासून केरबा बसला की त्याच्या पायांत मुंग्या यायच्या. तो उभ्यानं जेवायचा, उभ्यानं चिलीम ओढायचा. चावडीत सगळे टेकून बसलेले असायचे आणि हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत असायचा. त्याच्या घराच्या अंगणात जमीन कधी सारवून टिकली नाही, असं म्हणतात.

पुढच्या पाडव्याला माणसं पुन्हा कुऱ्हाडी घेऊन कुरणात जमली. तेव्हा केरबा चेंडू काखेत मारून दोन्ही जमावांच्या मधून चालत गेला आणि शिरगोंडच्या पाटलापुढं जाऊन उभा राहिला. त्यानं सांगितलं, अकरा तुमचे, अकरा आमचे. हा चेंडू जे जास्त वेळा पलीकडच्या खांबांमधून नेतील, त्यांची गुरं उन्हाळाभर चरतील. हात लावायचा तो फक्त खांब राखणाऱ्यानं. पाटील हसला. मग त्यानं केरबामागं उभ्या असलेल्या विधवा बघितल्या, आपल्या मागच्या बघितल्या, आणि कुऱ्हाड खाली टाकली.

तेव्हापासून दर पाडव्यानंतरच्या सोमवारी माळावर सामना व्हायला लागला. अकरा जण केरबानं निवडले. मध्ये इठू, डाव्या अंगाला तातोबा चांभार, आणि खांबांमध्ये केरबा स्वतः. तिथंही तो उभा राहात नसे, या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत असे. त्यामुळे चेंडू कुठूनही आला तरी केरबा तिथं असायचाच. आडगोळनं सलग सहा वर्षं सामना मारला. सहा उन्हाळे आडगोळच्या गुरांनी कुरण खाल्लं आणि गावात दूध इतकं झालं, की मांजरंसुद्धा तोंड फिरवायची, असं म्हणतात. शिरगोंडची गुरं सहा उन्हाळे वाळला कडबा चघळत राहिली. पण त्यांनी शब्द मोडला नाही, एकदाही कुऱ्हाड काढली नाही.

माणसं काही दगडाची नसतात. सातव्या वर्षी आडगोळचे तेच अकरा जण माळावर उतरले, तेव्हा शिरगोंडनं नवी पोरं आणली होती. ती पोरं इठूच्या दोन्ही अंगांनी वाऱ्यासारखी निघून गेली. तातोबाला धाप लागली. आडगोळ तीन गोलांनी हरलं. त्या उन्हाळ्यात बायका डोंगरावर चढून पाला आणू लागल्या आणि गुरांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

गावातली तरणी पोरं चिडली. त्यांचा म्होरक्या सर्जेराव. तो पळायला लागला की त्याची सावली मागं पडायची, असं म्हणतात. त्यानं चावडीत उभं राहून सांगितलं, की म्हाताऱ्यांनी आता ओसरीवर बसावं. केरबाला ते पटलं. आठव्या वर्षी त्यानं दहाच्या दहा जुने गडी काढले आणि दहा नवे घेतले. अकरावा तो स्वतः राहिला.

नव्या पोरांनी येताच दोन गोल केले. माळ दणाणून गेला. मग शिरगोंडनं एक परत केला, आणि तेवढ्यानं पोरं बिथरली. जो तो चेंडूमागं धावू लागला, जो तो दुसऱ्याला शिव्या देऊ लागला, आणि थांब म्हणणारं मध्ये कुणीच नव्हतं. शिरगोंडनं पाच गोल केले. त्यातले दोन केरबाच्या हाताशेजारून गेले.

त्या उन्हाळ्यात आडगोळची चौदा गुरं मेली.

मग पोरांमध्ये दुसरंच बोलणं सुरू झालं. सर्जेराव म्हणू लागला, की चेंडूचा खेळ पुष्कळ झाला. यंदा हरलो तर कुऱ्हाडी काढायच्या. लोहाराकडं पाती जायला लागली. हे केरबाच्या कानावर आलं आणि त्याचं चालणं आणखी वाढलं. शिमगा गेला, पाडवा तोंडावर आला, तरी त्यानं नावं सांगितली नाहीत. तो माळाला वळसे घालत राहिला. त्याच्या पायांनी माळाभोवती पायवाट पडली आणि त्या वाटेवर पुढं कधी गवत उगवलं नाही, असं म्हणतात.

एका सकाळी त्यानं जुन्यांना आणि नव्यांना समोरासमोर खेळायला लावलं. पाच गोल झाले की संपायचं, असं पोरांना वाटलं होतं. केरबा म्हणाला, सूर्य कलेपर्यंत खेळायचं. दुपारपर्यंत पोरांनी म्हाताऱ्यांना फिरवून फिरवून दमवलं. दुपारनंतर पोरं आपसात भांडायला लागली, आणि म्हातारे नुसते जागेवर उभे राहून चेंडू काढून घेऊ लागले. केरबा बाहेरून बघत होता. कोण पळतो आणि कोण थांबवतो, हे त्यानं मनात धरून ठेवलं. तीन जुने, सात नवे, अशी दहा नावं त्याची ठरली. जुन्यांत इठू राहिला. तातोबा गळला.

तातोबानं आठ वर्षं तो चेंडू शिवला होता, उसवला की पुन्हा टाके घातले होते. केरबा त्याच्या दारात जाऊन त्याला सांगून आला. तातोबानं आरी उचलली आणि पाठ फिरवून काम करत बसला.

राहिलं अकरावं नाव. त्याबद्दल गावात कुणाला शंकाच नव्हती. पण केरबा एक दिवस कुंभारवाड्यावरून चालला होता. तिथं गाडीत कौलं भरणं चाललं होतं. खालून दोघं जण कौलं फेकत होते आणि गाडीवर उभा राहून कुंभाराचा मलू ती झेलत होता. मलूला विसावं वर्ष लागलं असेल नसेल. तो बोलत होता तिसऱ्याच माणसाशी, आणि डावीकडून उजवीकडून येणारं एकेक कौल त्याच्या हातात अलगद येऊन बसत होतं. एकही फुटलं नाही. केरबा बराच वेळ तिथं येरझाऱ्या घालत राहिला. मग घरी आला.

घरात त्याची बायको चंद्राक्का भाकरी करत होती. तिनं ताट वाढलं. केरबानं ते हातात घेतलं, दोन पावलं गेला, परत आला, परत गेला. घास काही तोंडात गेला नाही. चंद्राक्का चुलीकडं बघतच म्हणाली,

"वर्ष झालं. पाणवठ्याच्या वाटंवर मी समोरनं आले, तर मी बोलल्याशिवाय तुमास्नी वळखत न्हाई."

केरबा थांबला.

"मी तरी बोलते," ती म्हणाली. "चेंडू काय बोलत येतोय व्हय?"

केरबानं ताट खाली ठेवलं आणि तो बाहेर पडला. त्या दिवशी त्यानं माळाला किती वळसे घातले, त्याची मोजदाद नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीत त्यानं दहा नावं घेतली. मग अकरावं घेतलं, मलू कुंभार. सर्जेरावनं मान वर करून केरबाकडं बघितलं. इठू मात्र उठला. लामावर ज्यानं केरबाला पाठीवर टाकून आणलं होतं, तो इठू.

"तू न्हाईस, तर मी बी न्हाई," तो म्हणाला.

केरबा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "माजं डोळं गेलं, इठू. तुजं गुडघं गेलं. गुडघं गेलेला गडी मधी हुबा ऱ्हातो, डोळं गेलेला खांबात न्हाई. तू बी गेलास तर ही पोरं बिथरल्यावर कुणाच्या तोंडाकडं बघतील?"

इठू खाली बसला. मग केरबा सर्जेरावकडं वळला. त्यानं एवढंच सांगितलं, की शिरगोंड सहा वर्षं हरलं आणि सहा वर्षं गप्प राहिलं. आपल्याला दोनच वर्षं झालीत.

सोमवार उजाडला. तेव्हा सगळे अनवाणीच खेळायचे. केरबा माळावर आला तर वाटेत तातोबा उभा. त्याच्या हातात कोऱ्या करकरीत वहाणांचा जोड होता. तो म्हणाला, "खेळायचं न्हाई, तर मग अनवाणी कशाला? घाल." एवढं बोलून तो गर्दीत निघून गेला.

केरबानं वहाणा घातल्या आणि तो गोलामागं जाऊन चालू लागला. या खांबामागून त्या खांबामागं. नव्या वहाणा करकर वाजत होत्या.

शिरगोंडनं पहिला गोल लगेच केला. मलूचे हात चांगले होते, पण उभं कुठं राहायचं ते त्याला कळत नव्हतं. पोरं पुन्हा बिथरायला लागली. तेव्हा इठूनं चेंडू पायाखाली धरला आणि तो नुसता उभा राहिला. अंगावर तिघं आले तरी हलला नाही. त्याच्या त्या रुंद पाठीकडं बघून पोरांचा श्वास जागेवर आला, मग कुठं त्यानं चेंडू पुढं दिला. आणि इकडं मलूच्या ध्यानात आलं, की मागं वहाणा वाजताहेत. करकर डावीकडं गेली की चेंडू डावीकडं येतो, उजवीकडं गेली की उजवीकडं. केरबाला चेंडू दिसत नव्हता. पण माणसांचे लोंढे दिसत होते, आणि नऊ वर्षांत ते लोंढे कुठं फुटतात ते त्याच्या पायांना माहीत झालं होतं. मलू मागं न बघता त्या आवाजाबरोबर चालू लागला. त्यानं नऊ चेंडू अडवले, असं म्हणतात. कुणी एकोणीस म्हणतात.

सर्जेरावनं एक गोल फेडला. सूर्य कलला, तरी बरोबरीच होती. मग शिरगोंडचा सगळ्यात दांडगा गडी एकटाच सुटला. त्याच्या आणि मलूच्या मध्ये कुणी उरलं नाही. मलूनं कान मागं लावले.

करकर थांबली होती.

नऊ वर्षांत सामना चालू असताना केरबा कधी थांबला नव्हता. त्या घटकेला तो दोन खांबांच्या बरोबर मध्यावर दोन्ही पाय रोवून उभा राहिला. मलूचे पाय शिवशिवत होते, पण तोही हलला नाही. त्या गड्यानं दोन्ही अंगांना हूल दिली, शेवटी वैतागून सरळ चेंडू मारला, आणि तो मलूच्या छातीवर येऊन बसला. मलूनं तो इठूला दिला. इठूनं मान वर केली आणि चेंडू लांब, रिकाम्या माळावर टाकला, जिथं कुणीच नव्हतं. सर्जेराव तिथं पोचला. आडगोळनं सामना मारला.

लोक केरबाला उचलायला धावले, तर केरबा गोलामागं बसलेला. मांडी घालून. किती वर्षांनी बसला होता, ते चंद्राक्कालाच माहीत. बसल्या बसल्या त्याला झोप लागली होती. उपाशी गुरं कुरणाकडं सुटली, तेव्हा सगळं खिल्लार त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट फोडून गेलं, एक खूर त्याला लागला नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चालू लागला. पुढं पुष्कळ वर्षं त्यानं संघ निवडला. त्या सामन्यानंतर पाचव्या वर्षी त्यानं इठूला काढलं, आणि बऱ्याच वर्षांनी सर्जेरावला काढलं, तेव्हा सर्जेराव लहान मुलासारखा रडला. दर वेळी केरबा स्वतः दारात जाऊन सांगायचा. निरोप कधी पाठवला नाही.

आता कुरण पूर्वीएवढं राहिलं नाही. नदीवर पूल झाला, दोन्ही गावांत सोयरिकी झाल्या. पण पाडव्यानंतरच्या सोमवारी सामना होतोच. त्याआधी आडगोळमध्ये संघ निवडायला बसतात, म्हणजे उभेच राहतात. त्या वेळी चावडीत कुणालाच बसू देत नाहीत. निवडणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव घ्यायचं, आणि गाव त्याला विचारतं, "दिसतंय का?" त्यानं खरं सांगायचं.

आणि त्या वर्षी वयामुळं ज्याचं नाव गळलं असेल, त्याच्या दारात गाव नव्या वहाणा घेऊन जातं. त्या घालून तो सामनाभर गोलामागं चालतो. त्या वहाणांना चांभार तेल लावत नाही. त्या वाजायला हव्यात.