हंसाच्या पोटातले भोक

विषय: श्री. उत्तमराव जाचक यांच्या निवासी गाडीत पाण्याची टाकी, पंप व गॅसचा गिझर बसवल्याबाबत.

संदर्भ: सदर गाडीच्या डाव्या अंगावर रंगवलेल्या हंसाच्या पोटातील भोक.

उपरोक्त विषयी हकिकत येणेप्रमाणे.

हमरस्त्याला लागून असलेल्या एका गावात नेमिनाथ चौगुले नावाचा कारागीर राहत असे. टेम्पो-ट्रकच्या बॉड्या बांधणे हा त्याचा धंदा. हात चांगला होता. जीभ मात्र एका शब्दापाशी अडत असे. तो शब्द म्हणजे ‘नाही’. गिऱ्हाइकाने काहीही मागितले तरी नेमिनाथ ‘बघतो’ म्हणे. गिऱ्हाईक तेवढ्यावर समाधानाने घरी जाई, आणि नेमिनाथ काळजी घेऊन घरी जाई. गावात त्याला सगळे चांगला माणूस म्हणत. कोणालाच दुखवायचे नाही असे ठरवले की एवढी पदवी मिळते.

त्याच गावात उत्तमराव जाचक राहत. ते निवृत्त उपअभियंता. सल्ला देण्याची सवय त्यांना नोकरीत लागली होती. घेण्याची लागणार, तोच निवृत्ती आली. फावल्या वेळाचे काय करावे म्हणून त्यांनी एक जुनी प्रवासी गाडी घेतली. तिच्यात बिछाने, ओटा, मोरी सगळे करून घ्यायचे आणि पत्नीला घेऊन देश पाहायचा असा बेत केला. पत्नी सुमित्राबाई संधिवाताने बेजार होत्या. त्यांची अट एकच होती. देश कसाही असो, अंघोळीला गरम पाणी हवे.

काम नेमिनाथकडे आले. त्याने ते जीव ओतून केले. आसनाखाली मोठी टाकी बसवली. बॅटरीवर चालणारा पंप जोडला. नळ उघडला की तो घरघरू लागे, बंद केला की गप्प होई. मोरीच्या भिंतीवर गॅसचा गिझर लावला. सिलिंडर मागच्या बाजूला, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ठेवला. मोरीच्या दाराला आतून भक्कम कडी लावली, कारण तशी सुमित्राबाईंनी सांगितली होती. आणि गिझरचा जळका वायू बाहेर जावा म्हणून गाडीच्या डाव्या अंगाला भोक पाडून तिथून नळकांडे काढले.

या वायूला रंग नसतो आणि वास नसतो. बंद मोरीत तो साठत गेला की माणसाला आधी डोके जड वाटते, मग झोप येते, आणि मग काहीच वाटत नाही. गिझर विकणाऱ्याने हे नेमिनाथला दोनदा बजावले होते.

मग पेंटर आला. त्याने गाडीच्या डाव्या अंगावर तळे रंगवले. तळ्यात कमळे काढली, आणि मधोमध मान वळवून बसलेला एक भलामोठा हंस काढला. भोक नेमके हंसाच्या पोटात आले.

उत्तमरावांनी चित्र लांबून पाहिले, जवळून पाहिले.

“नेमू, तुझा हंस धूर सोडतोय,” ते म्हणाले. “पूजेला चार माणसं येणार. बुजव ते.”

नेमिनाथने तोंड उघडले. नळकांडे छतातून काढता आले असते, पण त्या कामाला वेळ हवा होता. उत्तमरावांनी ते उघडलेले तोंड पाहिले आणि पूजेचा मुहूर्त सांगितला. नेमिनाथ म्हणाला, “बघतो.”

रात्रभर विचार करून त्याने एक तोड काढली. पूजेपुरती भोकावर पत्र्याची चकती ठोकायची. पेंटरने तिच्यावर पांढरा रंग मारायचा. पाहुणे फोटो काढून जातील. मग गाडी परत वर्कशॉपात आणायची आणि नळकांडे वरून काढायचे. यात कोणालाही नाही म्हणावे लागत नव्हते. तोड चांगली होती. ती उत्तमरावांना सांगायची तेवढी राहिली.

पूजा थाटात झाली. चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फुटला, पेढे वाटले. पाहुण्यांनी मोरीचे दार सताड उघडे ठेवून नळ सोडून पाहिला, आणि गरम पाण्यात एकेक बोट घालून प्रत्येकाने खात्री करून घेतली. उत्तमरावांनी नेमिनाथला शाल आणि श्रीफळ दिले. कारागिरीवर ते बराच वेळ बोलले. त्यात त्यांनी स्वतः दिलेल्या सूचनांचाही ओघाने उल्लेख आला. शेवटी भटजींनी घड्याळ पाहिले आणि सांगितले, योग इतका उत्तम आहे की आजच प्रस्थान ठेवलेले बरे.

पाहुण्यांना दाखवायला म्हणून सामान आत लावलेलेच होते. उत्तमराव म्हणाले, “मग निघतोच.”

नेमिनाथ शाल पांघरून, हातात नारळ घेऊन उभा होता. हंसाच्या पोटावर चकती तशीच होती. पण एवढ्या माणसांत, स्वतःच्याच सत्काराच्या वेळी, गिझर लावला तर माणूस जाईल असे सांगणे त्याला बरे दिसेना. तो खिडकीपाशी गेला आणि हळूच म्हणाला, “साहेब, जायच्या आधी एकदा वर्कशॉपात येऊन गेला असता तर... जरासं बघायचं होतं.”

“सगळं बघितलंस की,” उत्तमराव म्हणाले. गाडी निघाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळ काखेत धरून नेमिनाथनेही वाजवल्या.

वर्कशॉपात येऊन तो कामाला लागला. एका टेम्पोचा मागचा फाळका उलटा बसवला, तो काढला, आणि परत उलटाच बसवला. मनाची समजूत घालायला त्याच्याकडे पुष्कळ कारणे होती. आज दोघे दमतील, अंघोळ उद्यावर टाकतील. वहिनींना कोंदट सोसत नाही, दार फटीएवढे उघडे ठेवतील. ऊन आहे, गार पाणीही चालेल. एकेक कारण तो तपासून पाही. पण कडी त्याने स्वतःच बसवली होती. ती लावली की दाराला फट राहत नाही हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते.

दुपारी न राहवून त्याने फोन लावला.

“साहेब, हवा कशी आहे तिकडं?”

“झकास. तुला कशाला हवेची काळजी?”

“काही नाही. खिडक्या उघड्या ठेवत जावा. मोरीचं दारसुद्धा.”

“दार उघडं टाकून अंघोळ करायची होय रे?” उत्तमराव म्हणाले. मागून सुमित्राबाईंचे हसू ऐकू आले. त्यांनी निरोप दिला, धरणापलीकडच्या पठारावर मुक्काम आहे, पोचल्या पोचल्या आधी गरम पाण्याने अंग शेकणार, आणि नेमूभाऊंना दुवा देणार. मग घाट लागला आणि फोन तुटला.

नेमिनाथची बायको पद्मावती दारात उभी राहून हे ऐकत होती. नवरा सकाळपासून का जेवला नाही हे तिने त्याच्याकडून आधीच काढून घेतले होते.

“हवा विचारलीत, खिडक्या सांगितल्यात,” ती म्हणाली. “गिझर लावू नका, एवढं सोडून सगळं बोललात.”

“त्यांना काय वाटेल?”

“काही वाटायला माणूस राहायला पाहिजे.”

नेमिनाथने पुन्हा फोन लावला. संपर्क होत नव्हता. पुन्हा लावला. फोनमधली बाई तीच गोष्ट त्याच मंजूळ आवाजात सांगत राहिली. मग त्याने मोटरसायकल काढली. शाल अंगावरच होती.

वाटेत तो काय सांगायचे याची जुळवाजुळव करू लागला. गाव सुटले तेव्हा ते निवेदन चांगले लांबलचक होते. त्यात चित्र होते, पेंटर होता, मुहूर्त होता, भटजी होते, आणि उत्तमरावांची मर्जी तर होतीच. भोक त्यात शेवटी येत होते, आणि तेही आपले आपण बुजल्यासारखे. घाटाच्या पायथ्याशी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकला, तिथे भटजी गळाले. पहिल्या वळणावर पेंटर गळाला. मोरीत बसलेल्या सुमित्राबाई डोळ्यांसमोर येत होत्या, आणि निवेदन आपोआप आखूड होत होते. पठारावर पोचला तेव्हा त्यात दोन-तीनच छोटी वाक्ये उरली होती.

ऊन उतरले होते. गाडी पाण्याच्या कडेला उभी होती. दुसऱ्या दोन मोटारींतली मंडळी हंसापुढे उभी राहून फोटो काढत होती. उत्तमराव घडीच्या खुर्चीत चहा पीत बसले होते.

“ये,” म्हणून ते लोकांकडे वळले. “हेच आमचे कारागीर. नेमू, कौतुक ऐकायला एवढ्या लांब आलास?”

सगळ्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले. नेमिनाथला पंपाची घरघर ऐकू आली. म्हणजे नळ सुरू होता. पण तांब्याचा आवाज नव्हता, बादलीचा नव्हता. नुसता पंप चालला होता.

“साहेब, धुराचं भोक मी बंद केलंय,” तो म्हणाला. “गॅस आत भरतोय. वहिनींना बाहेर काढा.”

एवढे बोलून तो मागच्या कप्प्याकडे धावला आणि सिलिंडर बंद केला. उत्तमराव चहा टाकून उठले. ते आत शिरून मोरीच्या दारावर थापा मारू लागले. सुमित्रा, सुमित्रा अशा हाका मारल्या. उत्तर आले नाही. नेमिनाथने खांदा लावला. कडी भक्कम होती, त्याच्या हातची होती. दुसऱ्या धक्क्याला हलली, तिसऱ्याला तुटली.

सुमित्राबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. पाणी पायांवरून वाहत होते. डोळे अर्धवट मिटले होते. नेमिनाथने तोंड फिरवले आणि अंगावरची शाल मागे धरली. उत्तमरावांनी तीत त्यांना गुंडाळले. दोघांनी मिळून उचलून त्यांना वाऱ्यावर नेऊन निजवले.

मग मोटार येईपर्यंत वाट पाहण्याखेरीज काही करता येण्यासारखे नव्हते. फोटो काढणारी मंडळी मोटार जवळ आणायला धावली होती. उत्तमराव पत्नीचे तळवे चोळत होते. त्यांना आयुष्यात प्रथमच कोणताही सल्ला सुचत नव्हता. नेमिनाथ शालीची किनार वर-खाली होते का तेवढे पाहत होता. ती होत होती, पण इतकी थोडी, की वाऱ्याने हलते की श्वासाने हे कळत नव्हते.

थोड्या वेळाने सुमित्राबाईंना उलटी झाली.  मोटारवाल्यांनी त्यांना खालच्या गावच्या दवाखान्यात पोचवले. तिथे प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्याकडे आणून उपयोग नव्हता.

नीट शुद्धीवर आल्यावर सुमित्राबाईंनी नेमिनाथकडे पाहिले.

“मघाशी फोनवर हवेची चौकशी केलीत, ती ही होय?”

“होय,” म्हणून नेमिनाथ बाहेर गेला. बाहेरच्या बाकावर उत्तमराव त्याच्या शेजारी येऊन बसले.

“बुजव म्हणून मीच म्हटलं होतं,” ते म्हणाले.

“म्हटलं होतंत.”

“मग तू नाही म्हणायचं होतंस.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं,” नेमिनाथ म्हणाला. बोलल्यावर त्याचे त्यालाच ते विचित्र वाटले.  असल्या कामात दोन माणसे लागतात, एक ऐकून न घेणारा आणि एक न सांगणारा, हे दोघांनाही कळले असावे.

सुमित्राबाई बऱ्या झाल्या. नळकांडे छतातून काढले. नेमिनाथने गरम हवा वरून नीट बाहेर पडते ना, हे मोरीचे दार लावून, स्वतः बाहेर राहून, पुन्हा पुन्हा पाहिले. तरी सुमित्राबाई म्हणाल्या, गाडीतल्या या बदलाची सरकारदरबारी रीतसर नोंद झाल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. अर्जाला काम करणाऱ्याचा दाखला लागत होता. उत्तमरावांनी मजकूर तयार करून आणला. ‘सर्व काम पहिल्यापासून निर्दोष व सुरक्षित आहे.’ खाली सहीला जागा होती.

“नाही,” नेमिनाथ म्हणाला.

उत्तमराव थांबले. त्यांना वाटले, ऐकण्यात चूक झाली. नेमिनाथने पुन्हा सांगितले आणि मजकूर आपल्या हाताने लिहिला. धुराची वाट गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून मी बुजवली होती, ते सांगितले नाही, त्यापायी एका बाईचा जीव जाता जाता राहिला, आता वाट वरून काढली आहे, तरी कार्यालयाच्या साहेबांनी समक्ष तपासणी करावी.

अर्ज दाखल झाला. परिवहन कार्यालयात तो सर्वांनी वाचला. निर्दोष कामाची नोंद कशी करायची हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. अर्जदाराने आपली चूक आपणच कळवली तर काय शेरा मारायचा, याचा नमुना कोणाकडे नव्हता. म्हणून नेमिनाथकडून खुलासा मागवण्यात आला. जे अर्जात होते तेच त्याने खुलाशात लिहून दिले. खुलासा वरिष्ठांकडे पाठवण्यात आला. वरिष्ठांनी त्यासोबत मूळ अर्ज मागवला. तपासणीची तारीख ठरलेली नाही. गाडी जाचकांच्या अंगणात उभी आहे. सुमित्राबाई घरीच अंघोळ करतात. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य इतकेच: ज्याला तोंडावर नाही म्हणण्याचा संकोच वाटतो, त्याला तेच पुढे धावत जाऊन चारचौघांत सांगावे लागते, आणि धावत गेलेला माणूस दर वेळी वेळेवर पोचतोच असे नाही.