जमिनीवर ठेवलेलं पागोटं

फार पूर्वी डोंगराळ मुलखातली माणसं उडत्या मेण्यांतून दऱ्या ओलांडायची, तेव्हाची ही गोष्ट. किती पूर्वीची, ते मला विचारू नका.

त्या मुलखात दोन शेठ होते. एकाचे मेणे हिरवे, दुसऱ्याचे पिवळे. दोघांत सदा चढाओढ. याने भाडं उतरवलं की त्यानेही उतरवायचं, याने एक फेरी वाढवली की त्यानेही वाढवायची. शेठ एकमेकांचं तोंड पाहत नसत. मेणे चालवणाऱ्या सारथ्यांचं मात्र आपसात छान जमायचं.

त्यांची एक रीत होती. उडण्याआधी सगळे माळावर जमत. वारा एकालाही खोटा वाटला, तर तो आपलं पागोटं उतरवून जमिनीवर ठेवी. मग हिरव्यांनी आणि पिवळ्यांनीही आपापली पागोटी खाली ठेवायची. का, कशाला, असं कुणी विचारायचं नाही. सगळेच बसून राहिल्यावर शेठ तरी कुणाकुणाला काढून टाकणार?

हिरव्या शेठकडे हैबती नावाचा सारथी होता, हात अगदी पक्का. पिवळ्याकडचा कोंडाजी त्याचा लंगोटीयार.

एकदा जत्रेच्या दिवसांत माळ उतारूंनी फुलून गेला होता आणि नेमकं कोंडाजीने पागोटं खाली ठेवलं. पाठोपाठ बाकीच्यांनी ठेवली. हैबतीचाही हात डोक्याकडे गेला, तेवढ्यात हिरव्या शेठने त्याला बाजूला घेतलं.

"तुला वारा खोटा वाटतोय का?"

"मला नाही वाटत. पण कोंडाजीला वाटतोय."

"मग अडलंय कुठे? आज आपण उडालो तर सगळे उतारू आपले. तू जा. उद्यापासून हिरव्यांचा नाईक तू."

हैबती घुटमळला. मग त्याने मनाची समजूत घातली, की वारा खरंच बरा आहे, मी कुठे खोटं वागतोय? आणि तो उडाला.

सुखरूप पोचलाही. खरं सांगू, तेच वाईट झालं. उतारूंनी त्याला डोक्यावर घेतलं, शेठने नाईक केलं.

कोंडाजी संध्याकाळी भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "वारा बरा होता, माझं चुकलं. पण हैबती, इतके दिवस आपल्याला चुकायची मुभा होती रे."

पुढच्या वेळी कुणी पागोटं ठेवलं, तर पिवळा शेठ म्हणाला, "हिरवे उडतात, मग तुम्हाला काय झालं?" पिवळेही उडाले. हळूहळू पागोटी डोक्यावरच राहू लागली. शेठ खूश, उतारू खूश.

आणि मग ती सकाळ आली. हैबतीने पाहिलं, एरवी दरीवर घिरट्या घालणाऱ्या घारी कड्यावर अंग चोरून बसल्या होत्या. वारा खोटा होता. त्याने पागोटं उतरवून जमिनीवर ठेवलं आणि आजूबाजूला पाहिलं.

एकही हात डोक्याकडे गेला नाही.

पलीकडच्या उतारूंना आणायला कोंडाजी रिकाम्या मेण्यात चढत होता. हैबती धावत गेला. "कोंडाजी, उतर. आज माझं ऐक."

कोंडाजीने त्या पागोट्याकडे पाहिलं. "तुझा डोळा मला ठाऊक आहे. पण मी उतरलो तर शेठ दुसऱ्याला बसवेल, आणि तो अजून कच्चा आहे. सगळे उतरले असते तर मीही उतरलो असतो."

मेणा उडाला. दरीच्या मध्यावर वाऱ्याने त्याला गाठलं आणि माळावरच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो खाली गेला. कोंडाजी परत आला नाही.

हैबतीने नाइकी सोडली. पुन्हा कधी डोक्याला पागोटं बांधलं नाही. रोज सकाळी तो माळावर यायचा, ते जमिनीवर ठेवून शेजारी बसायचा. नवे सारथी त्याला वळसा घालून आपापल्या मेण्यात चढायचे. त्यांचा काही दोष नव्हता. जमिनीवरच्या पागोट्याचा अर्थ त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

तात्पर्य एवढंच: सगळ्यांना राखणारी रीत आपल्यापुरती एकदाच मोडली, तरी आपण हाक देऊ तेव्हा ती पाळायला कुणी उरलेलं नसतं.